मुलगा म्हणतो, एनएचएलमध्ये खेळायचंय : आइस हॉकीच्या वाटेला लागलेल्या आई-बाबांसाठी

गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत दरवर्षी कुणीतरी गाठतंच. यंदा एक तरुण आई होती. "ताई, आमचा सात वर्षांचा आहे. मोठेपणी मॅपल लीफ्सकडून खेळणार म्हणतो. आम्ही दोघंही सोलापूरचे, बर्फ पहिल्यांदा इथंच पाहिला. सुरुवात कुठून करायची?" मॅपल लीफ्स म्हणजे टोरांटोचा संघ, आणि तो खेळतो ती एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीग, ही आइस हॉकीची सगळ्यात वरची व्यावसायिक लीग. रांगेत उभ्यानं सांगून संपेल असं हे नाही, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवते.

मी मूळची मिरजेची, व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट, १९९९ पासून कॅनडात, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला राहते. मुलगा २००० च्या नोव्हेंबरात जन्मला. हा महिना लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे. पाचव्या वर्षी तो बर्फावर उतरला. आज ईसीएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकीच्या तिसऱ्या पायरीवर, पगार घेऊन खेळतो. एनएचएलमध्ये पोचलेला नाही. इथे मुलांच्या प्रत्येक संघाच्या बेंचवर दुखापतींकडे बघणारा प्रशिक्षित ट्रेनर असावा लागतो. ते काम मी अकरा वर्षं केलं, त्याच्या संघात आणि नंतर इतरांच्या. त्यामुळे जे सांगते ते बेंचमागून पाहिलेलं आहे.

आधी स्केटिंग, मग हॉकी. लहान मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी स्टिक दिली की ते स्टिकवर रेलतं. ती त्याची तिसरी तंगडी होते, कंबर वाकते, नजर खाली जाते, आणि ही खोड पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही. म्हणून शहराच्या रिंकवरच्या साध्या स्केटिंगच्या वर्गात दोन सत्रं घाला. पडायचं कसं आणि हात न टेकता उठायचं कसं, हे तिथं शिकवतात. गुडघा वाकवून एका पायावर सरकता आलं की मग स्टिक द्या. सहा ते दहा वर्षांच्या नवख्या मुलांसाठी 'फर्स्ट शिफ्ट' नावाचा कार्यक्रम आहे. त्यात डोक्यापासून पायापर्यंतचं सामानही मिळतं. पहिल्या वर्षी तो मिळाला तर दुकानात जायचीच गरज नाही.

स्केट्स घेताना आपली मंडळी हमखास चुकतात, मीही चुकले. "पाय वाढतोय, एक नंबर मोठाच घेऊ" हा हिशेब शाळेच्या बुटाला चालतो. स्केट मात्र रोजच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान लागतो. आत एकच पातळ मोजा घालायचा. मूल ताठ उभं असताना अंगठा टोकाला जेमतेम टेकावा, आणि गुडघे वाकवले की टाच मागे बसून अंगठा सुटावा. स्केट मोठा असला की घोटा आतल्या आत हलतो. मग मूल आतल्या कडेवर कलंडून चालतं आणि आपण म्हणतो, याचे पायच कमजोर आहेत.

नाडी बांधणं ही पहिली दोन-तीन वर्षं आई-बाबांचीच कामगिरी. बोटांकडची तीन भोकं सैल, घोट्याच्या वाकात सगळ्यात घट्ट, वरचं शेवटचं भोक पुन्हा किंचित ढिलं, म्हणजे गुडघा पुढे झुकतो. पहाटे पावणेसहाला ड्रेसिंग रूमच्या रबरी जमिनीवर गुडघे टेकून मी त्या नाड्या ओढत असायची. तर्जनीच्या पेरावर लाल वळ उठायचा. हा बाकावर बसल्या बसल्या झोपलेला, हेल्मेटसकट त्याचं डोकं माझ्या खांद्यावर. दाराबाहेर झांबोनीचा, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणाऱ्या गाडीचा, आवाज थांबला की मात्र डोळे खाड्कन उघडायचे. तो आवाज थांबला म्हणजे बर्फ नवा झाला, आणि नव्या बर्फावर पहिली रेघ त्यालाच काढायची असायची.

नव्या स्केटला धार नसते, ती लावून घ्यावी लागते. दुकानदार "हॉलो किती?" विचारेल. हॉलो म्हणजे पात्याच्या तळाला घासलेल्या खोबणीची गोलाई. लहान मुलाला अर्धा इंच सांगा, आणि दर वेळी तेच सांगा. धार उरली आहे का, हे बघायला नखाचा मागचा भाग पात्याच्या कडेवरून अलगद आडवा ओढा. नखाचा बारीक भुगा निघाला तर धार आहे, नुसतं घसरलं तर गेली. आतली आणि बाहेरची, दोन्ही कडा तपासा. पातं कोरडं पुसून, कापडी वेष्टणात ठेवायचं. कडक प्लॅस्टिकचं वेष्टण फक्त चालताना, त्यात ठेवून दिलं तर गंज चढतो.

स्टिक अनवाणी उभ्या मुलाच्या नाकापर्यंत, स्केट्सवर हनुवटीपर्यंत. तिचा फ्लेक्स, म्हणजे ती किती ताठ आहे त्याचा आकडा, मुलाच्या पौंडांतल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असावा. वाकत नाही अशी स्टिक लहान मुलाच्या हातात म्हणजे नुसतं लाकूड. पॅड, पँट, कोपरांची आवरणं जुनी घेतली तरी चालतात. 'प्ले इट अगेन स्पोर्ट्स'सारख्या दुकानांत चांगलं सामान मिळतं. हेल्मेट मात्र नवंच, कॅनेडियन प्रमाणपत्राच्या शिक्क्याचं. आणि गळ्याचं संरक्षक कवच कधीही घरी विसरू नका. २०२३ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या शेफील्डला सामना सुरू असताना अ‍ॅडम जॉन्सन हा एनएचएल खेळून आलेला खेळाडू गळ्याला स्केटचं पातं लागून गेला. त्या रात्री मी मुलाला फोन करून एवढंच म्हटलं, गळ्याला घालतोस ना? व्यावसायिक खेळाडू तेव्हा सर्रास घालत नसत. तो दुसऱ्या दिवसापासून घालायला लागला.

आता त्या नोव्हेंबरकडे येते. इथे मुलांचे गट कॅलेंडर वर्षानुसार पडतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि नोव्हेंबरात जन्मलेला एकाच संघात. आठव्या वर्षी दहा महिन्यांचा फरक म्हणजे वीतभर उंची. निवड चाचणीत प्रशिक्षकाच्या डोळ्यांत मोठं मूल भरतं, वरच्या संघात जातं, त्याला जास्त बर्फ आणि चांगलं शिक्षण मिळतं, आणि मग ते खरोखरच पुढे जातं. यावर गेल्या चाळीस वर्षांत पुष्कळ अभ्यास झाला आहे. कॅनडाच्या वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली मुलं जास्त दिसतात. तुमचं मूल शेवटच्या तिमाहीतलं असेल आणि निवड झाली नाही, तर ते मूल कमी आहे असं घरी कुणी म्हणू नये. आमचा नऊ ते तेरा या वयात तीनदा वगळला गेला. एका वर्षी तर यादी रिंकच्या दारावर चिकटवली होती. दहा वर्षांचं पोर ती वरून खाली आणि खालून वर दोनदा वाचून गप्प गाडीत येऊन बसलं.

पातळ्या अशा आहेत : हाउस लीग, सिलेक्ट, मग ए, डबल ए आणि सगळ्यात वर ट्रिपल ए. टोरांटो परिसरातली जीटीएचएल ही जगातली सगळ्यात मोठी मुलांची हॉकी संघटना. तिथल्या ट्रिपल एची चर्चा तुमच्या कानावर सातव्या वर्षापासून येईल. माझं मत स्पष्ट आहे. बारा-तेरा वर्षांपर्यंत ट्रिपल एच्या बेंचवर बसण्यापेक्षा डबल एमध्ये भरपूर खेळणं चांगलं. एक शिफ्ट, म्हणजे बर्फावर उतरण्याची एक पाळी, साधारण पाऊण मिनिटाची असते. सामन्यात मुलाला अशा किती शिफ्ट मिळतात ते मोजा आणि मग फी मोजा. आमचा मुलगा ट्रिपल एला चौदाव्या वर्षी गेला, उंची वाढल्यावर.

उन्हाळ्यात किट तळघरात ठेवा. बारा महिने बर्फावर असलेली मुलं माझ्याकडे पंधराव्या वर्षी जांघेचं आणि खुब्याचं दुखणं घेऊन येतात, गोलकीपर तर जास्तच. आमच्याकडे मे ते ऑगस्ट फुटबॉल, पोहणं आणि क्रिकेट चालायचं. पहिल्यांदा वगळल्यावर आम्हीही घाबरून त्याला उन्हाळी शिबिरात घातलं होतं. ते पैसे वाया गेले आणि तो सप्टेंबरात कंटाळलेला आला.

पैशांचं उघडच बोलते, कारण आपल्यात कुणी बोलत नाही. हाउस लीग काही शेकड्यांत भागते. ट्रिपल एच्या शेवटच्या दोन वर्षांत फी, स्पर्धांचा प्रवास, हॉटेलं आणि मोडलेल्या स्टिका धरून आमचे वर्षाला बारा-चौदा हजार डॉलर जात होते. एक कंपोझिट स्टिक तीनशे डॉलरची, आणि ती पहिल्याच सामन्यात मोडू शकते. हात आखडत असेल तर 'जम्पस्टार्ट'सारख्या संस्था फीला मदत करतात. अर्ज करायला लाजू नका. आणि मुलीचं नृत्य किंवा धाकट्याची शिकवणी हॉकीपायी बंद करू नका. घरात ती कडू गोष्ट होऊन बसते.

डोक्याच्या माराबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय.

माझा मुलगा लहान असताना स्पर्धात्मक हॉकीत अकराव्या वर्षापासून अंगावर अंग घालायची मुभा होती. २०१३ मध्ये हॉकी कॅनडानं ती पुढे ढकलली. आता तेरा-चौदाच्या गटापासून बॉडी चेकिंग सुरू होतं. त्या आधीच्या वर्षात मुलाला बोर्डाजवळ, म्हणजे रिंकभोवतीच्या कठड्याजवळ, कसं उभं राहायचं, हे मुद्दाम शिकवून घ्या : बोर्डापासून तीन-चार फुटांवर थांबायचं नाही, एक तर अगदी चिकटून राहायचं नाहीतर चांगलं लांब. मधल्या त्या तीन-चार फुटांतच डोकं आपटतं. आणि पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, घ्यायला जाताना खांद्यावरून मागे एकदा बघायचं.

माझ्या डोळ्यांसमोर माझाच मुलगा तसा आपटला, तेरा वर्षांचा असताना. स्वतः उठला, बेंचवर आला, "ठीक आहे" म्हणाला. मी विचारलं, कितवा पिरियड? म्हणाला, दुसरा. तिसरा सुरू होता. आमचे प्रशिक्षक मागून म्हणाले, शेवटची चार मिनिटं आहेत, उतरेल का? मी त्याचं हेल्मेट काढून दोन्ही हातांत धरलं आणि सामना संपेपर्यंत सोडलं नाही. ट्रेनरची ही जुनी रीत आहे. हेल्मेट हातात नसलं की मूल कुणाच्याही सांगण्यावरून बर्फावर जाऊ शकत नाही. त्याला परतायला पाच आठवडे लागले. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणं, मग जागेवरची सायकल, मग एकट्यानं स्केटिंग, मग धक्का न लागणारा सराव, डॉक्टरांची चिठ्ठी मिळाल्यावरच अंगावरचा सराव, आणि शेवटी सामना. सरावाच्या प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस, आणि डोकं दुखलं की एक टप्पा मागे. ओटावाची रोवन स्ट्रिंगर ही सतरा वर्षांची रग्बी खेळाडू २०१३ मध्ये लागोपाठच्या अशाच माऱ्यांनी गेली. तिच्या नावानं ओंटारिओत २०१८ साली कायदा झाला. दर हंगामाआधी तुमच्यापुढे त्या कायद्याचा कागद सहीला येतो. न वाचता सही करू नका.

पंधराव्या वर्षी खरा फाटा येतो. ओंटारिओ हॉकी लीग, म्हणजे ओएचएल, ही सोळा ते वीस वयाच्या मुलांची लीग. तिचे वीस संघ, हंगामात अडुसष्ट सामने. पश्चिमेची डब्ल्यूएचएल, क्यूबेकची लीग आणि ही, मिळून कॅनेडियन हॉकी लीग, म्हणजे सीएचएल. मूल ज्या वर्षी सोळाचं होणार त्या वर्षीच्या वसंतात ओएचएलचा ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ आळीपाळीनं मुलांची नावं निवडतात. २०१६ च्या एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळपासून आम्ही संगणकापुढे बसलो होतो. संकेतस्थळावर एकेक नाव उमटत होतं. आमचं अकराव्या फेरीत आलं, दुपार उलटून गेल्यावर. अकराव्या फेरीचा अर्थ एवढाच, की कॅम्पला, म्हणजे संघाच्या चाचणी शिबिराला, या. तो पहिल्या वर्षी कॅम्पमधून परत आला, घरी राहून त्याखालच्या पातळीची ज्युनिअर ए हॉकी खेळला आणि पुढच्या वर्षी संघात शिरला.

तेव्हा ही निवड फार जीवघेणी होती. सीएचएलमध्ये खेळलं की अमेरिकन विद्यापीठांच्या एनसीएए हॉकीचं दार बंद व्हायचं. पंधरा वर्षांच्या पोरानं ते ठरवायचं! १ ऑगस्ट २०२५ पासून हा नियम गेला. गॅव्हिन मॅकेना हा डब्ल्यूएचएलमधला मोठा खेळाडू त्याच वर्षी पेन स्टेट विद्यापीठात गेला. म्हणजे आता ज्युनिअर खेळून नंतर अमेरिकेतही शिकता येतं. अर्थात तिथे जागांसाठी चढाओढ वाढली, आणि त्यासाठी शाळेतले गणित-विज्ञानाचे विषय पुढे नेलेले हवेत. नववीतच शाळेच्या समुपदेशकांना भेटा.

ओएचएलच्या करारात खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाचं शिक्षण असतं : फी, सक्तीची इतर शुल्कं, पुस्तकं. आमच्यासारख्या घराला ही फार मोठी गोष्ट. पण तिला मुदत आणि अटी असतात. करार वकिलाला दाखवा आणि ते कलम दोनदा वाचा. मुलगा तीन हंगाम खेळला, तीन वर्षांची फी लीगकडून आली, चौथ्याची आम्ही भरली.

मूल सतराव्या वर्षी घर सोडतं, ही तयारी आईनंही करायची असते. ते 'बिलेट' कुटुंबात राहतं, म्हणजे गावातलं एखादं घर त्याला हंगामभर ठेवून घेतं. आमच्या बिलेट बाई निवृत्त शिक्षिका होत्या. मी पहिल्या भेटीला थालीपिठाची भाजणी आणि लोणी घेऊन गेले, त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून करून दाखवलं. डिसेंबरात त्यांचा फोन आला, "ते पीठ संपलंय, आणि मुलगा नाही, मीच विचारतेय." मुलाला मात्र आधी कपडे धुणं, वरण-भात लावणं आणि दुखलं तर लपवायचं नाही, हे तीन शिकवून पाठवा.

अठराव्या वर्षी एनएचएलचा ड्राफ्ट. बत्तीस संघ, सात फेऱ्या, २२४ नावं. इथे नोव्हेंबर कामाला येतो. एनएचएलची सीमारेषा १५ सप्टेंबर आहे. त्यानंतर जन्मलेल्या मुलाचा ड्राफ्ट एक वर्ष पुढे जातो. त्याच्या बरोबरीची फेब्रुवारीतली मुलं २०१८ ला गेली, हा २०१९ ला. लहानपणी जे दहा महिने मागे होते, त्याच्या बदल्यात नजरेत भरायला अख्खा एक हंगाम जास्त मिळतो. उशिरा जन्मलेल्या मुलांच्या आई-बाबांनो, हे तुमच्या मुलाला दहाव्या वर्षीच सांगा.

आमच्या मुलाचं नाव आलं नाही. त्या रात्री मी त्याला काही उपदेश केला नाही, पिठलं-भात केला. पण तुम्हाला सांगते, यादीत नाव नसणं किंवा तळाशी असणं म्हणजे शेवट नाही. हेन्रिक लुंडक्विस्ट २००० साली २०५ वा निवडला गेला आणि न्यूयॉर्क रेंजर्सचा आधारस्तंभ झाला. ब्रिटिश कोलंबियातल्या सरेचा अर्शदीप बेन्स तर कुणीच निवडला नव्हता. २०२१-२२ मध्ये त्यानं डब्ल्यूएचएलमध्ये सगळ्यांत जास्त, ११२ गुण मिळवले, व्हँकूवर कॅनक्सनं त्याला करार दिला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो एनएचएलमध्ये उतरला. आपल्या मुलांना आपल्यासारखे चेहरे दाखवा : १९८९ मध्ये एनएचएलमध्ये खेळलेला पहिला भारतीय वंशाचा रॉबिन बावा, मिसिसागात जन्मलेला आणि १९९८ ला सातवा निवडला गेलेला मॅनी मल्होत्रा. एजंट सोळाव्या वर्षाआधी मागे लागतील. खेळाडू संघटनेचं प्रमाणपत्र आहे का, एवढं विचारा, आणि घाईनं सही करू नका.

२०२०-२१ चा ओएचएलचा हंगाम महामारीत पूर्ण रद्द झाला. तो आमच्या मुलाचा शेवटचा, विसाव्या वर्षाचा हंगाम होता. तो विद्यापीठात गेला, तिथल्या संघात खेळला, पदवी घेतली, आणि २०२४ च्या मार्चमध्ये विद्यापीठाचा हंगाम संपताच ईसीएचएलच्या संघानं बोलावलं.

आता व्यावसायिक जगणं कसं असतं ते. एनएचएलच्या संघात २३ जण, म्हणजे साऱ्या जगातून ७३६ जागा. तिथला किमान पगार २०२५-२६ मध्ये ७,७५,००० अमेरिकन डॉलर. त्याखाली एएचएल, त्याखाली ईसीएचएल. ईसीएचएलमध्ये पगार आठवड्याचा असतो, हंगामापुरताच, राहायला घर संघ देतो. शुक्रवार, शनिवार, रविवार तीन रात्री तीन सामने आणि मध्ये रात्रभर बस. उन्हाळ्यात मुलगा लहान मुलांच्या स्केटिंग शाळेत शिकवतो, त्यावर वर्ष भागतं. गेल्या हंगामात एका गुरुवारी रात्री अकराला त्याचा फोन आला, "आई, एएचएलला बोलावलंय, सकाळी सहाचं विमान आहे." चार सामने खेळला, एक गोल, आणि परत पाठवला गेला. त्या गोलचा पक माझ्या देवघराशेजारच्या फडताळात आहे. तीन इंच रुंद, एक इंच जाड, काळं रबर, एका कडेला स्टिकचा पांढरट ओरखडा. वरचं दार उघडलं नाही तर पुढे जर्मनी, ऑस्ट्रिया, इंग्लंडमध्येही व्यावसायिक लीग आहेत. तिथे परदेशी खेळाडूंना मोजक्या जागा असतात, आणि पदवी असलेला मुलगा अशा ठिकाणी जास्त निर्धास्तपणे जाऊ शकतो.

मुलगी असेल तर हीच वाट, आणि आता तिला शेवट आहे. महिलांची पीडब्ल्यूएचएल १ जानेवारी २०२४ ला टोरांटोत सुरू झाली, सहा संघांची. नंतर व्हँकूवर आणि सिअ‍ॅटलही आले. आमच्या काळात मुलींच्या आया मला विचारायच्या, "खेळून पुढे काय?" तेव्हा माझ्याकडे सांगायला फार काही नव्हतं.

त्या सात वर्षांच्या मुलाच्या आईला मी आमच्या तळघरातले एक नंबर मापाचे स्केट्स दिलेत. पात्याला लोखंड अजून पुष्कळ आहे, नाड्या मी नव्या घातल्यात. धार तेवढी तिनं लावून घ्यायची. अर्धा इंच, असं तिच्या हातावर लिहून दिलंय.